तारपकऱ्याचा श्वास

जव्हार तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवतो. आठवीला श्वसनसंस्था शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला मी मुलांना उभे करतो आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतो. जवळजवळ सगळीच मुले खांदे वर उचलतात आणि पोट आत ओढून घेतात. प्रत्यक्षात श्वास घेताना छाती व पोट यांच्यामधले श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, त्याच्या दाबाने पोटातील अवयव पुढे ढकलले जातात आणि पोट किंचित बाहेर येते. मुले उलटे करतात, कारण हवा आपण जोर लावून वर ओढून घेतो अशी त्यांची पक्की समजूत असते. फुफ्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायूच नाहीत, आधी श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू छातीची पोकळी मोठी करतात, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडासा उतरतो आणि मगच हवा आत शिरते, हा क्रम मुलांच्या मनात उतरवणे हेच या पाठाचे खरे काम आहे असे मी मानतो. वायुकोशांची संख्या आणि श्वासनलिकेतील कूर्चेच्या कड्या यांची माहिती नंतरही देता येते.

त्या वर्षी भाताची कापणी उरकली होती. प्लॅस्टिकची बाटली, आत दोन फुगे आणि तळाला ताणून बसवलेला रबरी पडदा असा नेहमीचा नमुना मी वर्गात आणला होता. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की मिटतात. सतराव्या शतकात जॉन मेयो या इंग्रज वैद्याने भात्याच्या आत मूत्राशयाची पिशवी बसवून हेच दाखवले होते, तेही मी सांगितले. या नमुन्यात बाटली ताठ असते, खऱ्या छातीत मात्र बरगड्याही हलतात, शिवाय फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा नसून द्रवाचा पातळ थर असतो, एवढे बजावून सांगितले म्हणजे नमुना कामाचा ठरतो. मग फळ्यावर एक रेघ ओढून मी म्हटले, की श्वास आत घेणे आणि बाहेर सोडणे या दोन क्रिया एकाच वेळी होऊ शकत नाहीत.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, माझा आजा तारपा वाजवतो. नाच चालू असला की सूर तुटतच नाही. मग तो श्वास घेतो कधी?"

वर्गात कुणीही हसले नाही, कारण प्रश्न सगळ्यांच्याच घरचा होता. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने मेणाने सांधून केलेला हा तारपा वारली पाड्यांवर कापणीच्या हंगामात वाजतो. नाचणाऱ्यांचे कडे तारपकऱ्याभोवती फिरते आणि पावले त्याच्या सुरावर पडतात. सूर मध्येच थांबला तर पावलांचा आधार जाईल. उत्तराचे तत्त्व मला माहीत होते, पण ते फळ्यावर सांगून टाकण्यापेक्षा मुलांनी पाहावे असे वाटले. आजोबांना शाळेत यायला जमेल का, एवढे विचारून ये, असे मी त्याला सांगितले.

ते आले. अंगाने किरकोळ, पण फुंकायला लागले की मानेवरच्या शिरा तटतटून उभ्या राहत. वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसून त्यांनी तारपा सुरू केला आणि मुलांचे पाय आपोआप हलू लागले. मी मुलांना सांगितले होते, की आज ऐकायचे नाही, फक्त पाहायचे. निम्म्या मुलांनी गालांवर लक्ष ठेवायचे, निम्म्यांनी पोटावर. नंतर आजोबांची परवानगी घेऊन दोघातिघांनी त्यांच्या पोटावर हातही ठेवला.

गालांवर नजर ठेवणाऱ्यांनी सांगितले, की गाल बराच वेळ फुगलेले असतात आणि मधूनच झपकन आत जातात. पोटावर हात ठेवणाऱ्या मुलाला पोट दगडासारखे घट्ट लागत होते आणि अधूनमधून ते एकदम पुढे येऊन हाताला धक्का देत होते. मी दोन्ही गटांना हाताने खूण करायला सांगितले. गाल आत जाण्याचा आणि पोट पुढे येण्याचा क्षण एकच निघाला, आणि त्याच क्षणी नाकपुड्याही रुंदावत होत्या. पोट पुढे येणे म्हणजे श्वासपटल खाली जाणे, हे मुलांना आदल्या तासापासून ठाऊक होते. म्हणजे श्वास आत जात होता आणि सूरही चालूच होता.

एका मुलीने लगेच तर्क मांडला, की नाकाने घेतलेली हवा घशातून वळून थेट तोंडावाटे तारप्यात जात असणार. तर्क चांगला होता आणि तो तपासता येण्यासारखा होता. मी प्रत्येकाला तोंडात पाण्याचा घोट धरून, गाल फुगवून, नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगितले. सगळ्यांना ते सहज जमले. नाक आणि तोंड यांमधली वाट त्या वेळी उघडी असती तर पाणी घशात उतरले असते आणि ठसका लागला असता. जिभेचा मागचा भाग आणि पडजिभेच्या मुळाशी असलेला मऊ टाळूचा पडदा एकमेकांना भिडून तोंडाची खोली मागून बंद करतात, आणि नाकाची वाट मात्र घशापासून श्वासनलिकेपर्यंत मोकळी राहते. गिळताना हाच पडदा वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. जेवताना हसू फुटले की भाताचे शीत नाकात जाते, कारण त्याची ही वेळ चुकते. हे सांगताच तीनचार जणांनी आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली.

आता कोडे सुटत आले. फुफ्फुसांतली हवा संपत आली की तारपकरी तोंडाची खोली मागून बंद करतो, गालांत साठवलेली हवा गालांच्याच स्नायूंनी तारप्यात ढकलतो, आणि तेवढ्या वेळात नाकाने श्वास घेऊन टाकतो. मग टाळूचा पडदा वर जातो, फुफ्फुसांची हवा पुन्हा तोंडात येते आणि गाल परत भरतात. जुन्या सोनारांना फुंकणीने ज्योत अखंड ठेवायची असे, तेव्हा तेही असेच करत. मी फळ्यावरचे माझे वाक्य मुलांना पुन्हा वाचायला लावले. ते खरेच होते. फुफ्फुसांपुरते पाहिले तर आजोबाही एका वेळी एकच क्रिया करत होते. बाहेर जाणारी हवा तेवढी काही क्षण दुसऱ्या कोठीतून येत होती.

ती कोठी केवढी, हे मुलांनीच मोजले. तोंड पाण्याने भरून ते मोजपात्रात सोडले, तेव्हा बहुतेकांचे पाणी 100 मिलिलिटरच्या आतच भरले. शांतपणे घेतलेल्या एका श्वासात प्रौढ माणूस सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो. गाल फुगवल्यावर मावणारी हवा या पाण्यापेक्षा काहीशी जास्त धरली तरी साठा लहानच. तो क्षणभरच पुरणार, म्हणून त्या क्षणात श्वासपटलाला जोराने खाली यावे लागते. पोटावरच्या हाताला धक्का का बसत होता, ते मुलांनी इथे स्वतःच सांगितले. एरवी शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास फारसे कष्ट न घेता होतो, कारण ताणलेली फुफ्फुसे आपल्या लवचीकपणामुळे आपसूक आकसतात. तारप्यात फुंकताना मात्र पोटाचे स्नायू आवळून हवा दाबाने बाहेर काढावी लागते, म्हणून पोट एवढे घट्ट. श्वसनाच्या स्नायूंचे काम इतके उघड दाखवणारे दुसरे कोणतेही साधन मला आजवर मिळालेले नाही.

मुलांना आता करून पाहायचे होते. पपईच्या पानांचे पोकळ देठ त्यांनीच आणले. देठाचा चीक तोंडाला लागला तर आग होते, म्हणून वाळलेले निवडून स्वच्छ धुतले आणि प्रत्येकाने आपलाच देठ वापरायचा असा नियम केला. पेल्यातल्या पाण्यात देठ बुडवून बुडबुडे काढत राहायचे आणि ते न थांबवता नाकाने श्वास घ्यायचा. आजोबांचे बुडबुडे अखंड चालले होते. मुलांचे श्वास घेण्याच्या क्षणी थांबत, एखाद्याच्या नळीतून पाणीच वर येई. "आधी गालातलं नुसतं पाणी पिचकारीसारखं सोडा आणि नाकानं श्वास घ्या, मग हवेचं जमतं," असे आजोबांनी मला सांगितले, आणि पुढे म्हणाले, "गुरुजी, मी आमच्या बापाकडं पाहून शिकलो, कुणी सांगितलं नव्हतं." तास संपेपर्यंत एका मुलीला ते क्षणभर जमले.

निघण्यापूर्वी तिनेच विचारले, की वाजवणाऱ्याला न थांबता वाजवता येते, तर गाणाऱ्याला न थांबता का गाता येत नाही? मी उत्तर दिले नाही. गळ्यावर बोट ठेवून गुणगुणा, मग गाल फुगवून नुसते फुंका, एवढेच सांगितले. गुणगुणताना बोटाला कंप लागत होता, फुंकताना लागत नव्हता. थोड्या चर्चेनंतर पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलानेच जुळवून सांगितले, की आवाज गळ्यात स्वरयंत्रात होतो आणि त्यासाठी फुफ्फुसांतून वर येणारी हवा स्वरतंतूंमधून जावी लागते. गालांतली हवा त्याच्या वर साठलेली असते, ती स्वरयंत्रातून परत जात नाही. म्हणून श्वास आत घेताना गाणाऱ्याला थांबावेच लागते.