ब्रांच नसलेली डिग्री

लेकीच्या कॉलेजचं अजून ठरत नाहीये. १ मेपर्यंत कुठेतरी हो म्हणून डिपॉझिट भरायचंय आणि रोज रात्री जेवणं झाली की घरात तोच विषय, इथली, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या स्टेटची मोठी युनिव्हर्सिटी की हार्वी मड की स्वार्थमोर, ही दोन छोटी कॉलेजं. युनिव्हर्सिटीचं नाव घेतलं की नातेवाईक लगेच 'अरे वा', बाकीच्या दोघांचं सांगितलं की फोनवर जरा शांतता आणि मग 'चांगलं आहे ना पण ते?'

लोकांनी नाव ऐकलेलं नाही याचं मला फार काही नाही. मला खटकतंय ते ब्रांचचं. मडमध्ये सगळी मिळून साधारण ९०० पोरं, सगळी अंडरग्रॅड, म्हणजे पहिल्या डिग्रीची, आणि इंजिनिअरिंगची डिग्री म्हणजे नुसती इंजिनिअरिंग, मेकॅनिकल नाही इलेक्ट्रिकल नाही काही नाही. स्वार्थमोरलाही ब्रांचचं तेच. मी ज्या पद्धतीत शिकलो तिथे ॲडमिशनच्या दिवशी ब्रांचचा शिक्का बसायचा तो कायमचा, अजूनही जुन्या ग्रुपवर अमुक तो सिव्हिलवाला, तमुक तो इन्स्ट्रुमेंटेशनवाला. हे लेकीला ऐकवलं तर म्हणते, "बाबा, तू प्रॉडक्शनवाला ना? मग दिवसभर डेटाबेस कसले बघत असतोस?" यावर काय बोलणार.

तरी मी शोधत बसलो की ब्रांच नाही तर मग चार वर्षं करतात काय. मडला मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलाही घ्या, आधी सगळ्यांना कॉमन कोअर, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स, बायॉलॉजी, इंजिनिअरिंग सगळं, वर लिखाणाचा कोर्स आणि ह्युमॅनिटीजही भरपूर. आणि शेवटी क्लिनिक नावाचा प्रकार आहे, म्हणजे एखादी कंपनी आपला खराखुरा प्रॉब्लेम आणते, त्याचे कॉलेजला पैसे देते आणि पोरांची टीम वर्षभर त्यावर घाम गाळते. १९६३ पासून चालू आहे हे. आमचा फायनल इयर प्रोजेक्ट कसा व्हायचा ते आठवून जरा हेवाच वाटला, असो.

लेकीचं गणित मात्र वेगळंच आहे. जिथे जाते तिथे ती एकच विचारते, दुसऱ्या वर्षाची मुलं लॅबमध्ये काय करतात? एका मोठ्या कॅम्पसवर लॅब आम्हाला काचेबाहेरून दाखवली, आत सगळे पीएचडीवाले, अंडरग्रॅडचा नंबर कधी लागतो विचारलं तर उत्तर गोल गोल. जिथे मास्टर्स-पीएचडीवाले ग्रॅड स्टुडंट्सच नाहीत तिथे प्रोफेसरला रिसर्च करायचा तर हाताशी हीच पोरं, तिचा मुद्दा एवढाच आहे आणि तो मला खोडता येत नाहीये. बायकोने त्यात जेनिफर डाउडनाची भर घातली, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेल्या, आणि त्या शिकल्या पोमोनाला, मडच्या शेजारच्याच छोट्या कॉलेजात. एका नोबेलवरून काही सिद्ध होत नाही हे मी म्हणालो, पण हळूच.

छोट्याचे तोटेही आहेतच. काही ॲडव्हान्स्ड कोर्स दरवर्षी नसतात, एखाद्या प्रोफेसरशी पटलं नाही तर पुढच्या सेमिस्टरला समोर परत तेच उभे. आणि एअरोस्पेसच करायचंय असं जिचं पक्कं आहे तिने सरळ मोठ्या ठिकाणी जावं. आमचीचं पक्कं काहीच नाही, आज केमिस्ट्री, उद्या रोबॉट. मडवाल्यांना निदान त्यांच्याच क्लेरमाँट गावातल्या शेजारच्या चार कॉलेजांतले कोर्स घेता येतात, चालत जायचं की झालं, त्यामुळे ९०० चा कोंडमारा थोडा कमी.

मेव्हण्याचं आणखी वेगळंच, म्हणे छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात तीन वर्षं आणि मग इंजिनिअरिंग स्कूलमध्ये दोन, डिग्र्याही दोन. कागदावर झकास आहे. पण चौथ्या वर्षी सगळा मित्रपरिवार सोडून नव्या गावी जायचं आणि शेवटच्या दोन वर्षांची एड, म्हणजे फीसाठीची आर्थिक मदत, किती ते तिथलं कॉलेज ठरवणार, लेक ऐकायलाही तयार नाही. रोझ-हलमन या इंडियानातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला रीतसर ब्रांचेस आहेत, पोरं २००० च्या आसपास, मला मनापासून आवडलं होतं, पण इंडियाना म्हटल्यावर तिने अर्जच केला नाही. हट्ट आहे नुसता.

राहता राहिला पैसा. वेबसाइटवरचा आकडा बघून छातीत धस्स होतं, पण खरा आकडा एड लेटरमधली ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, वजा केल्यावरचा, आणि लोनला ग्रँट समजायचं नाही हे मी दोघींना दहादा सांगून झालंय. तसं करूनही आपल्या स्टेटच्या युनिव्हर्सिटीची इन-स्टेट फी आणि मड यात फरक उरतोच, चार वर्षांचा मिळून चांगलाच. बायकोचं म्हणणं एड ऑफिसला रिव्ह्यूसाठी लिहू, माझ्या आईच्या औषधपाण्याचा खर्च फॉर्ममध्ये कुठे बसलाच नव्हता. आज बसून ते पत्र लिहिलं, बिलं स्कॅन केली, लेकीने माझं इंग्रजी दोनदा सुधारलं आणि मग पाठवलं. स्टेटच्या होस्टेलचा फॉर्मही तूर्तास भरून ठेवलाय, तिला न आवडताच.