एक लाख पंधरा हजारांचा वेग

डायल-अपच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं त्या दिवसांत मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. एकदा ओळखीतल्या काकांचा फोन आला. "अरे, माझं कनेक्शन एक लाख पंधरा हजारांचं आहे. तरी चार एमबीची फाइल उतरायला तास लागतो! तू दिलेल्या मॉडेममध्येच खोट आहे."

मॉडेम म्हणजे कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडणारी डबी, आणि ही होती छप्पन्न केची, म्हणजे सेकंदाला फार तर छप्पन्न हजार बिट्सची. तिच्यावर एक लाख पंधरा हजार? जाऊन पाहिलं तर खरंच. विंडोज ९८ मध्ये घड्याळाशेजारच्या त्या दोन पिटुकल्या मॉनिटरांच्या चित्रावर क्लिक केलं की १,१५,२०० दिसायचं. हा आकडा कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यामधल्या हातभर केबलचा. मॉडेमच्या पुढे, टेलिफोनच्या तारेवर काय चाललंय, ते त्यातून कळतच नाही.

हे माहीत असूनही मी आधी ड्रायव्हर, म्हणजे मॉडेम चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. सवय, दुसरं काय! तासभर गेला आणि फाइल आपली सेकंदाला सव्वा केबीनेच उतरत राहिली.

मग मॉडेमच्या जादा सेटिंगच्या चौकटीत 'डब्ल्यू२' टाइप केलं. बऱ्याच मॉडेमना त्यामुळे तारेवरचा खरा वेग कबूल करावा लागतो. पुन्हा डायल केलं. ती शिट्ट्या-खरखरीची सलामी नेहमीपेक्षा लांबली आणि आकडा आला २६,४००.

"होता तोही वेग घालवलास की!" काका म्हणाले.

मला मात्र हायसं वाटलं, कारण हा आकडा बोलका होता. छप्पन्न केची व्ही.९० पद्धत चालू असली, की ४४,०००, ४५,३३३ असे आकडे दिसतात. २६,४०० हा त्याआधीच्या, हळू व्ही.३४ पद्धतीतला. म्हणजे लाइनची अवस्था बघून मॉडेमने छप्पन्न केचा नाद सोडला होता. तरी २६,४०० बिट्सना आठाने भागलं तर सेकंदाला सव्वातीन केबी हवेत. मिळत होते सव्वा. मधले दोन कुठे गळत होते?

कनेक्शन तोडलं, फोनचा रिसीव्हर उचलला आणि एकच अंक दाबला. डायल टोन बंद होतो आणि काही सेकंद लाइन मोकळी ऐकू येते. ती शांत हवी. इथे पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी तडतड चालली होती. अशा प्रत्येक तडतडीला डेटाचा एखादा तुकडा नासतो आणि मॉडेम तो परत मागवून घेतो. फारच बिघडलं तर दोन्ही टोकांची मॉडेम डेटा थांबवून पुन्हा सूर जुळवत बसतात. काका तासभर ज्या निळ्या पट्टीकडे बघत बसायचे, ती अधूनमधून गोठायची ती यामुळे.

लाइन घरात येते त्या पेटीपाशी गेलो, आतल्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि फोन थेट लावून ऐकलं. चिडीचूप. म्हणजे भानगड घरातलीच. एकेक वायर परत लावत गेलो, तिसरीला तडतड सुरू झाली. ती आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शन फोनची होती. आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे भिंतीला ओल आणि तिथेच वायरीचा जोड: दोन टोकं नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी सुटून लोंबत होती, आतलं तांबं हिरवंगार पडलेलं.

"हा जोड कोणी मारला?" मी विचारलं. काकांनी विषय बदलला.

तेवढा तुकडा कापून टाकला आणि ओलीपासून लांबून नवी वायर ओढली. डायल केलं. ४५,३३३. तीच चार एमबीची फाइल पुन्हा लावली. काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभेच.

"चौदा मिनिटं!" ते म्हणाले. मग स्क्रीनकडे वळून, जरा आवाज खाली आणून, "पण ते एक लाख पंधरा हजार परत दिसतील असं करून दे."

मी डब्ल्यू२ खोडून टाकलं.