पाव स्वराने चढलेली लिस्बनची ‘ट्राव्हियाता’

लिस्बनच्या साओ कार्लोस नाट्यगृहात 27 मार्च 1958 रोजी झालेला वेर्दीच्या ‘ला ट्राव्हियाता’ या ऑपेराचा प्रयोग ऑपेराच्या दर्दी मंडळींना जवळजवळ पाठ असतो. नायिका व्हिओलेत्ताच्या भूमिकेत मारिया कॅलास, तिचा प्रियकर आल्फ्रेदो म्हणून अवघ्या तिशीतला आल्फ्रेदो क्राउस, नाटकातल्या आल्फ्रेदोच्या बापाच्या भूमिकेत मारिओ सेरेनी, वाद्यवृंदाचं संचालन फ्रांको गिओने यांचं. रेडिओमुळे तो प्रयोग टेपवर राहिला. त्याची एक खासगी डिजिटल कॉपी माझ्याकडे तपासायला आली ती तक्रारीसकटच: कॅलास कर्कश लागते, क्राउस नाकात गातो आणि वाद्यवृंदाला कसली घाई झालीय कळत नाही. गायक, गायिका आणि वादक एकाच रात्री एकाच दिशेने बिघडले असतील तर मी आधी टेपच्या वेगाकडे बघतो.

पहिला पुरावा पहिल्या अंकातल्या व्हिओलेत्ताच्या ‘सेम्प्रे लीबेरा’ या पदाच्या शेवटी मिळतो. हे पद ए-फ्लॅट मेजरमध्ये आहे. कॅलास शेवटी वरचा ई-फ्लॅट लावते. तो स्वर वेर्दीने लिहिलेला नाही, गायिकांच्या परंपरेतून आलाय. मधला ए स्वर 440 हर्ट्झला धरणाऱ्या नेहमीच्या पट्टीत तो 1244.5 हर्ट्झला यायला हवा. या कॉपीत कंपनाचा मध्य 1282च्या आसपास होता. बाई चढी लागली म्हणावं तर खालच्या वाद्यवृंदाचा ए-फ्लॅटही 415च्या जागी 428वर होता. म्हणजे सगळेच साधारण 3 टक्के, पाव स्वराने वर. गायकाच्या सोयीसाठी पद अर्ध्या किंवा एका स्वराने वरखाली केलं जातं, त्यामुळे फरक अर्ध्या स्वराचा असता तर शंकेला जागा होती. पाव स्वर मात्र कुणीच मुद्दाम बदलत नाही.

दुसरा पुरावा विजेच्या घरघरीत, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेची जी गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरते तिच्यात. 48 किलोहर्ट्झच्या फाइलमधला, चेलो-बास गप्प असलेला शांत तुकडा घ्यायचा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख, 65536 बिंदूंवर काढायचा, म्हणजे 0.73 हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. मूळ 50ची रेघ बऱ्याचदा खर्जात बुडते, म्हणून तिची दुप्पट शोधावी. इथे अशा रेघांची दोन कुटुंबं निघाली. एक 60, 120, 180, अगदी सरळ. दुसरं 103 आणि 154.5, किंचित हेलकावणारं. पोर्तुगालची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दुसरी घरघर मूळ ध्वनिमुद्रणाची, 50ची 51.5 झालेली. पहिली नंतरच्या कॉपीची. ती कॉपी 60 हर्ट्झच्या देशात, बहुधा अमेरिकेत, झाली असणार. त्या काळी विजेची वारंवारता थोडी हलायची, तेव्हा नुसत्या घरघरीवर निकाल देऊ नये. पण वाद्यवृंद आणि घरघर दोन्ही 3 टक्केच म्हणत असतील तर वाद संपला.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी 60ची रेघ काढायची. वेग आधी बदलला तर तीच 58.25वर सरकते आणि तयार फिल्टर तिला सापडत नाही. मग पट्टी आणि वेग दोन्ही एकत्र उतरवायचे. वेळ तीच ठेवून फक्त सूर खाली आणणारं साधन इथे वापरू नये, कारण गाण्याची घाई तशीच राहते. बरोबर केलं तर अर्ध्या तासामागे 54 सेकंद वाढतात. सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाने फिरणारी 360 मीटरची रीळ एकतीस मिनिटांत संपते, म्हणून प्रत्येक रीळ वेगळी मोजली. तिसऱ्या अंकात घरघर 50.8 निघाली. सगळ्या ऑपेराला एकच आकडा लावला असता तर मरणाऱ्या व्हिओलेत्ताचा सूर उतरला असता आणि दोष कॅलासच्या माथी बसला असता.

टेप मोनो, पण फाइल दोन वाहिन्यांची. त्यांत 2 सॅम्पलचा, म्हणजे सेकंदाच्या 48 हजाराव्या भागाच्या दुपटीचा, फरक होता. तसंच मिसळलं की 12 किलोहर्ट्झला खड्डा पडतो. आधी जुळवून मग बेरीज केली.

आता गाणं. वेग सुधारल्यावर क्राउसचं नाकातलं गाणं गेलं. राहिला तो पुढे फेकलेला, कडा असलेला आवाज, आणि तो त्याचा स्वतःचाच. कॅलासच्या वरच्या जोरकस स्वरांतला हेलकावा मात्र तसाच राहिला. तो टेपचा की गळ्याचा, हे ठरवायला 103ची हेलकावणारी रेघ कामाची. 60ची रेघ इथे साक्षीदार म्हणून निरुपयोगी, ती शेवटच्या कॉपीत शिरलेली असल्याने मूळ टेप कितीही डुलली तरी सरळच दिसणार. स्वर हलताना 103ही त्याच लयीत हलली तर दोष टेपचा. ती स्थिर आणि स्वर सेकंदाला सहाऐवजी चार वेळा रुंद झोके घेतोय, तर तो गळाच. त्या वर्षांतल्या कॅलासमध्ये हे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या अंकातल्या ‘दीते आल्ला जोविने’च्या तोंडाशी कॅलास बी-फ्लॅट धरून ठेवते, ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली. प्रॉम्प्टर, म्हणजे गायकांना पुढचे शब्द पुरवणारा, या टेपमध्ये सगळीकडे बोलतो आणि बऱ्याच लोकांना त्याचा राग येतो. मला तो उपयोगी वाटतो. त्याची खोकी रंगमंचाच्या पुढच्या कडेला असते. तो जवळ आणि कोरडा ऐकू येतो तोवर मूळ ध्वनी फारसा घासलेला नाही. स्वर बारीक होताना तंतुवाद्यं फुगत असतील तर कुणीतरी पातळी वर ओढतंय. इथे ती फुगत नाहीत. तो उतार गळ्याचाच आहे आणि विलक्षण आहे.

‘सेम्प्रे लीबेरा’त आल्फ्रेदो पडद्यामागून गातो. दाबून सपाट केलेल्या कॉपीत तो कॅलासच्या शेजारी येऊन उभा राहतो. इथे तो लांबच आहे.

बिघाड होता तो तिसऱ्या अंकाच्या पूर्वसंगीतात. व्हायोलिनं अत्यंत हळू, आणि कुणीतरी खरखर काढायला कात्री चालवलेली. प्रत्येक वाक्य संपलं की नाट्यगृहाची आस एकदम तुटते, सूर सुरू झाला की खरखर परत येते. गेलेलं इथे भरता येत नाही. पहिले दोन अंक ठेवायला हरकत नाही, आणि तिसऱ्यासाठी साफ न केलेली, मूळ टेपच्या अधिक जवळची आधीची कॉपी शोधा, खरखर कितीही असो, असं मालकांना लिहून दिलं.