पावसाळ्यातलं वाळवण

मातीकाम शिकतेय असं सांगितलं की समोरचा माणूस दोन्ही हात पुढे करून हवेतल्या हवेत गोल फिरवतो. चाक. सगळ्यांच्या डोक्यात चाकच असतं. फोटोही चाकावरचेच काढले जातात. मीही काढून घेतलेत आणि ते बरे आलेत. पण चाकावर वाटी उभी राहायला काही मिनिटं पुरतात. नंतर तीच वाटी दिवसेंदिवस फळीवर नुसती बसून असते, आणि पावसाळा असेल तर किती दिवस ते विचारू नये. त्या बसून राहण्याचे फोटो कुणी काढत नाही. माझा निम्मा अभ्यासक्रम मात्र त्या फळीवरच चाललाय.

त्यात आमची तुकडी सुरू झाली जूनमध्ये, आणि तीही खानापूरला. बेळगावपासून जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पण पाऊस निराळाच. मलप्रभा याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते, आणि त्या बाजूच्या जंगलातून जी ओल येते ती सप्टेंबरपर्यंत घरातून हलत नाही. पापड मऊ, मीठ ओलं, दप्तराला बुरशी. अशा हवेत आम्ही मातीतून पाणी काढायला बसतो.

इथे शिकण्याचं कारण अर्थात माती. खानापूरची मडकी, विटा आणि कौलं या भागात कुणाला सांगावी लागत नाहीत. खादी आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकला संस्थाही याच गावात आहे. मातीच्या चांगुलपणाची एक अडचण असते. तिचे कण बारीक आणि चपटे, म्हणून ती हाताला मऊ लागते, चाकावर म्हणेल तशी वळते. पण कण जितके बारीक तितकं पाणी जास्त, आणि जितकं पाणी जास्त तितकी ती वाळताना आक्रसते. साधारण पाच ते आठ टक्के. कप करताना मनातल्या कपापेक्षा मोठाच करायचा, हे पहिल्या आठवड्यात सांगतात. पटायला वेळ लागतो, कारण ओला कप डोळ्यांना नेमका बरोबर दिसत असतो.

आमचे मास्तर कन्नडमध्ये मोजतात आणि मराठीत रागावतात. ‘हात लावू नको की. राहू दे की ते,’ हे त्यांचं दिवसातलं सर्वाधिक वेळा बोललेलं वाक्य असावं. १९५६ पासून या भागात वाद घालायला विषयांची टंचाई नाही, पण शेडमध्ये दोन्ही भाषांतून एकाच गोष्टीवर बोलणं चालतं: ऊन पडणार की नाही.

पण नुसतं ऊन पडून भागत नाही. ऊन जोराचं असेल तर ते उलट शत्रूच. वाटीची कड पातळ आणि बूड जाड. कड आधी वाळते, आक्रसते, आणि बूड अजून ओलंच असल्यामुळे जागचं हलत नाही. या ओढाताणीत भेग पडते. कपाच्या कानाचंही तेच. कान बिचारा बारीक, चारही बाजूंनी वारा खाणारा, आणि तो चिकटवलाय एका जाड्या ओल्या भिंतीला. म्हणून कडेवर प्लास्टिक गुंडाळायचं, भांडं थोडं घट्ट झालं की उपडं घालायचं, कानाला ओलं फडकं बांधायचं. म्हणजे ज्या पावसाळ्यात काही वाळत नाही म्हणून आम्ही कुरकुरतो, त्याच पावसाळ्यात वस्तू लवकर वाळू नयेत म्हणून झाकत बसतो. आजी उन्हाळ्यात गच्चीवर सांडग्यांची राखण करते, तसंच हे, फक्त इथे कावळ्याऐवजी वाऱ्यावर नजर.

वाळलं की नाही हे कळायचं कसं? रंग फिका पडतो, हे एक. पण रंगावर विश्वास नाही, तो वरवरचा असतो. मास्तर भांडं उचलून गालाला लावतात. गार लागलं तर आत ओल आहे, कारण पाणी अजून उडतंय आणि उडताना उष्णता घेऊन जातंय. भोवतालच्या हवेइतकंच लागलं तर झालं. शेडमध्ये सगळेजण गालावर मातीचे पट्टे घेऊन हिंडत असतात. नव्या माणसाला वाटतं, कसला तरी लेप लावलाय.

एवढ्यावर पाणी संपत नाही, हे मला फार आवडलं. कणांच्या मधलं पाणी गेलं, भोकाभोकांतलं गेलं, भांडं कोरडं ठणठणीत झालं, तरी एक पाणी मातीच्या घडणीतच असतं. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीत, ते वजनाच्या जवळजवळ चौदा टक्के. शंभर ग्रॅमची कोरडी पूड हातात घ्या, त्यातलं चौदा ग्रॅम पाणी. ते उन्हाला दाद देत नाही. भट्टीत साडेचारशे ते सहाशे अंशांच्या आसपास सुटतं. तोपर्यंत भांडं बादलीत टाकलं तर पुन्हा चिखल होतो. ते पाणी गेल्यावर होत नाही.

भट्टीत भांडं फुटलं की ‘हवेचा बुडबुडा राहिला असेल’ म्हणायची पद्धत आहे. मळताना हवा काढावीच लागते, नाहीतर चाकावर भांडं वाकडं जातं. पण फोडणारा गुन्हेगार बहुधा पाणीच. थेंबभर पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि जाड बुडातून तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून आमची भट्टी सुरुवातीचे कित्येक तास शंभर अंशांच्या खालीच रेंगाळत ठेवतात. निवतानाही घाई नाही. ५७३ अंशांपाशी मातीतली गारगोटी एकदम आपलं आकारमान बदलते, तिथे धसमुसळेपणा केला तर आख्खं भांडं तडकतं.

या सगळ्या वाळण्याच्या विचारात एकदा सणांची यादी मनात आली. ज्येष्ठात बेंदराची आणि अमावास्येची मातीची बैलजोडी, श्रावणात नाग, भाद्रपदात गणपती. सगळे पावसाळ्यातले, सगळे मातीचे आणि सगळे कच्चे. एकालाही भट्टी दाखवायची नाही. उलट गणपतीला तर पुन्हा पाण्यातच सोडायचं. पाऊस ओसरत आला की घटस्थापनेचे घट, मग पणत्या, संक्रांतीची सुगडं, चैत्रा-वैशाखात माठ. हे सगळं भाजलेलं. सण कुंभाराला विचारून ठरवले असा दावा मी करणार नाही, पण जळण भिजलंय आणि माल वाळत नाही अशा दिवसांत कुंभाराकडे भाजकं काही मागायचं नाही, एवढा समजूतदारपणा पंचांगात दिसतो खरा. आम्ही मात्र जुलैत ग्लेझचे, म्हणजे काचेसारखा लेप देऊन भाजलेले, मग करतो. चालायचंच.

गोरोबांची गोष्टही आता जरा निराळी ऐकू येते. तेरच्या त्या बैठकीत गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. आमच्याकडे थापटणं निघतं ते भांडं ओलसर असताना. आतून गोटा धरायचा, बाहेरून थापटायचं, पोट वाढवायचं. भाजलेलं तपासायला बोटाचं पेर पुरतं, पक्कं असेल तर खणखणतं. नामदेवांना राग आला, बाकीचे गप्प बसले. मला वाटतं, थापटणं मारल्यावर ज्याला काही होतं त्याचाच घाट अजून बदलू शकतो. पण हे मी कीर्तनकारांसमोर बोलणार नाही.

भट्टीतून माझी वस्तू आली तेव्हा घरी मगचं कौतुक दोन दिवस झालं. आजीला हवा होता माठ. तो मास्तरांच्या देखरेखीखाली झाला, ग्लेझ न लावता, कारण ग्लेझची काच पाझर बंद करते आणि मग पाणी गार होत नाही. बाहेर झिरपलेलं पाणी उडतं म्हणूनच आतलं निवतं. गालाला लावून बघतो तोच हिशेब. हे सगळं मी स्वयंपाकघरात उभं राहून आजीला समजावलं. तोवर माठाखालची पाटी ओली झाली होती.

‘गळतंय की गं हे,’ आजी म्हणाली.

‘गळत नाही आज्जी, पाझरतंय. पाझरायलाच पाहिजे.’

‘मग महिनाभर वाळवत बसलीस ते कशाला?’

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती मधेच उठली आणि माठाखाली परात ठेवून आली.