कागद संपतो तिथून पुढे

चेटकिणींच्या खटल्यांवरची कादंबरी हातात आली की मी आधी एकच बघते, सेलममध्ये बायकांना जाळलंय का. जाळलं असेल तर पुस्तक बंद. 1692 साली मॅसॅच्युसेट्समधल्या त्या खटल्यांत कुणालाच जाळलं नव्हतं, 19 जणांना फाशी दिली, त्यात 5 पुरुष होते, आणि गाईल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने गुन्हा कबूल की नाकबूल हेच सांगायला नकार दिला म्हणून अंगावर दगड रचत रचत त्याला मारलं.

पण खरं भयंकर तर वेगळंच आहे. "हो, मी सैतानाशी करार केला" असं जे खोटंच बोलले आणि त्यावर ठाम राहिले ते जगले, आणि जे खरं बोलले ते फासावर गेले. रिबेका नर्स नावाची आरोपी बाई 71 वर्षांची, ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं, मग कोर्टाने परत विचार करायला लावला आणि निकाल फिरला. आता ज्या बाईचा देवावर जिवापाड विश्वास आहे तिच्यासाठी खोटी कबुली म्हणजे काय असेल? हे सोडून लेखक जेव्हा नायिकेच्या तोंडी आजची भाषणं घालतो ना, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्या बाईची खरी लढाईच हरवून जाते.

गुलामीच्या पुस्तकांतही माझं तेच होतं. झाँग नावाच्या, गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजावरून 1781 मध्ये 130 च्या वर गुलाम माणसं समुद्रात फेकली आणि मालकांनी विमा कंपनीकडे माणशी 30 पौंड मागितले. केस कोर्टात गेली ती नुकसानभरपाईची, खुनाची नाहीच. कागदावर आकडा आहे, पण त्या माणसांची नावं नाहीत. अशा वेळी मला कादंबरी लागतेच, आकड्यापाशी थांबून कसं चालेल.

युद्धाच्या पुस्तकांत मी लढायांची पानं भराभर उलटते, खरं सांगते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात नोव्हेंबर 1941 मध्ये मुलांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, त्यातही भेसळ. तान्या साविचेवा नावाच्या मुलीने छोट्या वहीत घरातलं कोण कधी गेलं ते तारीख-वेळ घालून लिहिलं आणि शेवटी, "तान्या एकटी उरली." मी हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. दोन नोंदींच्या मधल्या दिवसांत ती काय करत असेल, पाव वाटताना एक वाटा कमी करायचा हे हाताला कधी कळलं असेल?

आणि टिटुबा. पाद्र्याच्या घरची गुलाम, सेलममध्ये सगळ्यात आधी कबुली देणारी. फाशीतून वाचली, पण तेव्हा कैद्याकडूनच तुरुंगातल्या खाण्यापिण्याचे, बेड्यांचेसुद्धा पैसे घ्यायचे आणि तिच्या मालकाने ते भरले नाहीत म्हणून ती वर्षभराहून जास्त आतच. शेवटी कुणीतरी पैसे भरून तिला विकत घेऊन गेलं. कोण, कुठे, कागदात काहीच नाही. मला त्या दारातून सुरू होणारी कादंबरी वाचायचीय, ती बाहेर येते, उजेडाने डोळे मिटतात आणि समोर नवा मालक उभा आहे.