काळ्या केकवर हजार चंद्र

सहस्रचंद्रदर्शनाच्या केकसाठी आलेला फोटो मला पाहताक्षणी आवडला नाही. दोन मजली केक, वरपासून खालपर्यंत काळाकुट्ट, जराही चकाकी नाही. वर चंदेरी चंद्र, त्याच्यापुढे आरामखुर्चीत बसलेले आजोबा, सगळीकडे चंदेरी मणी आणि बाजूला पांढऱ्या फुलांचा झुबका. ऑर्डर देणारी नात बंगळुरूची, त्यामुळे सगळं फोनवरच. एगलेस हवा, वजन तीन किलो, आत बटरस्कॉच, बाहेर व्हिप क्रीम ("फॉन्डंट आमच्याकडे कुणी खात नाही, ताई"; फॉन्डंट म्हणजे केकवर लाटून चढवतात ते साखरेचं आवरण), आणि मणी मोजून हजार, कारण आजोबांच्या हजार पौर्णिमा पूर्ण होत होत्या. कार्यक्रम मे महिन्यात नाशिकला, गंगापूर रोडवरच्या बिनएसी हॉलमध्ये, साठ माणसांचा.

डिझाइन आवडलं नाही की मी कागद घेऊन बसते. खटकणारी एकेक गोष्ट लिहायची आणि तिच्यापुढे ती का खटकते ते लिहायचं. कारण "मला बरं दिसत नाही" एवढंच निघालं तर ती गोष्ट मुकाट करायची. केक माझ्या घरी कापला जाणार नसतो. टिकणार नसेल तर बांधणी बदलायची, दिसणं तेच ठेवायचं. खाणाऱ्याला अपाय होणार असेल तिथे मात्र नकार, आणि तो पैसे घेण्याआधी. गिऱ्हाईक चिडतं ते नकारापेक्षा मोघम उत्तरामुळे. "असं छान नाही दिसणार हो" म्हटलं की वाद सुरू होतो. "हे मणी आजोबांच्या कवळीखाली आले तर कवळी तुटेल" म्हटलं की संपतो.

काळा रंग पहिल्या प्रकारातला, नुसता मला न आवडणारा. शुभकार्याला काळं कशाला, हा प्रश्न माझ्याही मनात आला होता, पण तो विचारण्याचा अधिकार घरच्यांचा. नातीला एवढंच म्हटलं, की घरातल्या मोठ्यांना फोटो दाखव आणि होकार आला की आगाऊ रक्कम पाठव. दुसऱ्या दिवशी तिच्या आत्यांचाच फोन आला. "आमच्या आईची चंद्रकळा काळीच होती, तुम्ही करा बिनधास्त." विषय मिटला. असे घरगुती वाद बेकरने मध्ये पडून सोडवू नयेत. केक झाल्यावर ते वर आले तर दोष केकवर येतो.

व्हिप क्रीमवर काळा रंग मात्र होणार नव्हता. पांढऱ्या क्रीममध्ये काळं जेल (दाट खाद्यरंग) घालायला लागलं की आधी करडा येतो, मग जांभळट. पुरता काळा होईपर्यंत किलोला तीस-चाळीस ग्रॅम जेल जातं. एवढ्याने क्रीम सैल पडतं, कडू लागतं आणि खाणाऱ्यांचे दात, ओठ काळे होतात. फोटोत सगळे हसतात तेव्हा ते दिसतं. शिवाय आपल्याकडे कृत्रिम खाद्यरंगाला बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जेलमध्ये निव्वळ रंग थोडाच असतो हे धरलं तरी अशा क्रीममध्ये ती कितीतरी पटीने ओलांडली जाते. वर दीडशे ग्रॅमचे आजोबा आणि मागे चंद्र ठेवायचा, तर मेच्या उन्हाळ्यात व्हिप क्रीमवर ते तासाभरात खचले असते. फॉन्डंटची वस्तू व्हिप क्रीमला टेकली की ओल शोषून विरघळायला लागते, ते वेगळंच.

म्हणून केकची फोड केली. वरचा टियर, म्हणजे मजला, खरा: सहा इंच व्यास, चार इंच उंची, चॉकलेट स्पंज, आत-बाहेर गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण), दीड किलो. खालचा दहा इंची टियर निव्वळ दिखाऊ. आणि बटरस्कॉचचा दीड किलोचा साधा चौकोनी केक वेगळा, हॉलच्या फ्रिजमध्ये, कापून थेट वाटायला. त्यामुळे बटरस्कॉचही राहिलं आणि व्हिप क्रीमही, फक्त थंड जागी.

दिखाऊ टियर पूर्वी सर्रास थर्माकोलचा असायचा. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी बाजारात तो मिळतो आणि बरेच जण वापरतात. मी दहा इंची, चार इंच उंच सरळ कडांचा केक टिन उलटा ठेवते. तो वजनदार असतो, गाडीत सरकत नाही, आणि वर दीड किलो ठेवायला आत काड्यांचा आधार लागत नाही. अडचण एकच: फॉन्डंट नुसत्या धातूला धरत नाही, घसरतो. टिनला बाहेरून बटर पेपर घट्ट चिकटवायचा, त्यावर वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि मग फॉन्डंट चढवायचा.

"खोट्या टियरचे पैसे का द्यायचे?" हा प्रश्न येतोच, नातीनेही विचारला. त्यासाठी दरपत्रकच वेगळं करते. खाण्याचा केक किलोच्या भावाने. दिखाऊ टियरला किलोचा भाव नाही, फक्त फॉन्डंट आणि मजुरी. टिनची अनामत, परत आला की परत. आकडे असे सुटे दिसले की घासाघीस कमी होते.

फॉन्डंट सव्वा किलो घेतला. दहा इंची टियरला बसतो त्याहून हा जास्त, पण कडा कापून टाकाव्या लागतात. पांढऱ्या फॉन्डंटमध्ये नुसता काळा रंग मळला तर तो हिरवट-करडा दिसतो आणि जास्त रंगाने कडेला फाटतो. म्हणून आधी चाळीस ग्रॅम कोको आणि दोन चमचे वनस्पती तूप मळून गडद तपकिरी केला, मग काळं जेल थोडं थोडं. पक्का काळा होण्याआधीच थांबायचं. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवला की सकाळी तो आपोआप दोन छटा गडद झालेला असतो. लाटताना कॉर्नफ्लोअर नको, काळ्यावर पांढरे ओरखडे राहतात. ओट्याला तुपाचा हात पुरतो. कोको आधी घालण्याचं आणखी एक कारण म्हणजे वरच्या गनाशचा काळा तपकिरीकडे झुकतो. खालचा निळसर काळा झाला असता तर एकाच केकवर दोन काळे दिसले असते.

गनाशला ६०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि २०० ग्रॅम क्रीम. थंडीत दोनास एक चालतं, मेमध्ये तिनास एकच. आपल्याकडे पाकिटात मिळणाऱ्या क्रीममध्ये फॅट २५ टक्के असतं, बाकी बरंचसं पाणी, म्हणून परदेशी पाककृतींतलं प्रमाण इथे सैल पडतं. तीस ग्रॅम ब्लॅक कोको (जवळजवळ काळी कोको पावडर) थोड्या क्रीममध्ये कालवून पेस्ट केली आणि उरलेल्या गरम क्रीममध्ये मिसळली. कोरडा कोको थेट घातला तर गुठळ्या राहतात. क्रीमला कडेने बुडबुडे आले की आच बंद. उकळू दिलं तर गनाश फाटतं, तेल वर येतं. फाटलंच तर चमचा-चमचा कोमट दूध घालून मधून बाहेर ढवळत आणायचं. केकवर लावून सुरीने गुळगुळीत केलं की ते चकाकतं, आणि फोटोतला केक तर चकाकी नसलेला होता. त्यावर उपाय सोपा: गनाश पूर्ण घट्ट झाल्यावर मऊ कोरड्या ब्रशने ब्लॅक कोकोचा हलका थर. चकाकी जाते, तपकिरी छटाही झाकते.

फोटोतला चंद्र चंदेरी पावडरचा होता, आणि नातीने ऑनलाइन शोधून पावडरच्या डबीची लिंकही पाठवली. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं. हा शब्द पाहून पुष्कळ जण फसतात. नॉन-टॉक्सिक म्हणजे शोभेसाठी चालेल, पोटात घालण्यासाठी नव्हे. खाण्याजोग्या पावडरवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि घटकांची यादी असते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच चमकीने सहा मुलांना विषबाधा झाली. चमकीत मुख्यतः तांबं निघालं. ती पावडर मी वापरत नाही, हे तिला सरळ सांगितलं. आपल्याकडे याला कितीतरी जुना आणि चांगला पर्याय आहे, मिठाईचा चांदीचा वर्ख. नियमाने त्यात चांदी किमान ९९९ शुद्धतेची लागते, आणि तयार करताना प्राण्यांपासून मिळणारं काहीही वापरायला मनाई आहे. एगलेस मागणाऱ्या घरात हा दुसरा मुद्दा आवर्जून सांगावा.

चंद्र व्हाइट कंपाउंडचा केला असता तर त्या उन्हात वाकला असता. म्हणून फॉन्डंटमध्ये सीएमसी (फॉन्डंट कडक वाळावा म्हणून घालायची खाण्याजोगी पावडर) मळली, पाव किलोला एक लहान चमचा, आणि पाच इंची, चार मिलिमीटर जाडीची चकती कापली. ओली असतानाच दोन बांबूच्या काड्या खालून सरकवल्या आणि सपाट फोमवर वाळत ठेवली. दर काही तासांनी उलटायची, नाहीतर कडा वर येऊन चंद्राची ताटली होते. वाळायला तीन-चार दिवस लागतातच, घाई करून उपयोग नाही. वर्ख चढवायला ग्लुकोज सिरप पाण्यात पातळ करून ब्रशने पुसटसं लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, बोटाला जेमतेम चिकटलं की वर्ख कागदासकट उपडा ठेवून कागदावरून दाबायचा. वर्खाला बोट लावायचं नाही, आणि पंखा बंद. सात-आठ पानं गेली. जोड दिसतात, काही ठिकाणी सुरकुत्या राहतात. मला तर त्या चंद्रावरच्या डागांसारख्या वाटल्या आणि फोटोतल्या गुळगुळीत चंद्रापेक्षा आवडल्या.

हजार मणी. आत मऊ काही नसलेले साखरेचे चंदेरी मणी चांगलेच कडक असतात, म्हणून ते खऱ्या टियरवर एकही नाही, सगळे दिखाऊ टियरवर. मोजणी वजनावर: शंभर मोजून घेतले, पाच ग्रॅम भरले, म्हणजे हजारांना पन्नास ग्रॅम. खरी कसरत लावण्याची. पाण्याने किंवा सीएमसीच्या गोंदाने चिकटवले तर काळ्यावर प्रत्येक मण्याभोवती चकचकीत डाग राहतो आणि मण्याची चांदी सुटते. म्हणून फॉन्डंट चढवल्या चढवल्या, वर पापुद्रा धरायच्या आत, मणी अर्धा आत जाईल असा चिमट्याने दाबायचा. पापुद्रा अर्ध्या तासात धरतो. त्यामुळे टियरला प्लॅस्टिक गुंडाळून चार बोटांची पट्टी उघडी करायची, ती भरली की पुढची. खाली दाट, वर विरळ. दोघींना सगळी दुपार लागली. माझ्या डोळ्यांना हे अजूनही जास्तच वाटतं, पण हजार म्हणजे हजार.

आजोबा ‘हुबेहूब’ हवे होते. तीन इंची बाहुलीचा चेहरा नखाएवढा. त्यात हुबेहूब काही होत नाही, आणि करायला गेलं की भलताच माणूस दिसतो. मी आत्यांना चेहऱ्याचा फोटो मागितलाच नाही. आजोबा कसे बसतात, चष्मा कुठे असतो, हातात काय असतं, हे विचारलं. उत्तर आलं: चष्मा कपाळावर, पाय खुर्चीच्या दांड्यावर, घडी घातलेलं वर्तमानपत्र मांडीवर. तेवढं केलं, डोळे मिटलेले दाखवले. सांध्यांना टूथपिकऐवजी कच्ची स्पॅगेटी, कारण बाहुली शेवटी कुठल्यातरी लहान मुलाच्या तोंडात जातेच. पांढऱ्या धोतराला काळं लागू नये म्हणून खाली फॉन्डंटची पातळ चटई.

फुलांसाठी आत्या अंगणातली पांढरी कण्हेर देणार होत्या. कण्हेरीचं पान, फूल, देठ, चीक, सगळंच विषारी, आणि विष थेट हृदयावर काम करणारं. देठ केकमध्ये खोचणं दूरच, बोर्डावरही नको. पांढऱ्या चाफ्याचाही चीक बाधतो. बाजारातल्या मोगऱ्यावर औषध फवारलेलं असू शकतं, पण त्याचा गजरा बोर्डाच्या बाहेर टेबलावर ठेवायला हरकत नव्हती. तसं ठरलं.

पोचवणं दुपारी. टियर वेगवेगळ्या खोक्यांत, गाडीचा एसी निघण्याआधी दहा मिनिटं सुरू. गनाशचा टियर फ्रिजमधून काढून थेट नेला असता तर हॉलमध्ये त्यावर दव धरलं असतं आणि वरच्या कोकोचे ओघळ आले असते. म्हणून तो आदल्या रात्रीपासून एसी खोलीतच होता. जोडणी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी. टेबलावरचा छताचा पंखा बंद करायला लावला. चंद्र खोचून होतो न होतो तोच फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा सुरी खालच्या केकवर ठेवतील, फ्रेम मोठी येते." खाली टिन! आत्यांनी त्याला बाजूला नेलं. ही सूचना मी आता छापील चिठ्ठीवर देते: कापायचा टियर कोणता, काड्या कुठे आहेत, बाहुली कधी काढायची.

केक टिकला. चंद्र सरळ राहिला, बटरस्कॉच पुरला. रात्री नातीचा मेसेज आला: चव मस्त, आजोबा खूश, पण फोटोत वरचा केक थोडा चॉकलेटी दिसतोय. बरोबरच होतं. पिवळ्या हॅलोजनखाली कोकोचा काळा तपकिरी दिसतो आणि रंगवलेला फॉन्डंट काळाच राहतो. जेल वाढवून हे सुटलं असतं. ते मी करणार नव्हते, आणि तसं तिला कळवलं. काळ्या केकची चौकशी आली की आता मी हॉलचे दिवे पिवळे की पांढरे, हे माणसांच्या संख्येआधी विचारते.