जाळीचा स्टोव्ह, बिनजाळीचा स्टोव्ह

पाचगणीची थंडी पाहुण्यांना गुलाबी वाटते, कारण रविवारी संध्याकाळी ते पसरणीचा घाट उतरून जातात. आम्ही इथेच राहतो. घर जुनं, दगडी, छत उंच, आणि डिसेंबर लागला की सासूबाईंचे गुडघे बोलायला लागतात. हॉलमध्ये इंग्रजांच्या काळातली फायरप्लेस आहे, पण तिच्यापुढे बसलं की पोट भाजतं आणि पाठ गारठते. उघड्या आगीची बरीचशी ऊब धुरांड्यातून वर जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते.

दोन वर्षांपूर्वी शेजारचा बंगला विकला गेला. मालकांनी अमेरिकेहून परतताना घरसामानाबरोबर लाकडाचा एक ओतीव लोखंडी स्टोव्ह आणला होता. तो भंगाराच्या भावात आमच्याकडे आला. चार माणसांनी तो उचलून आणला आणि चौघांनीही नंतर कंबर धरली.

तो कॅटॅलिटिक होता. म्हणजे धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर. धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. एरवी तो पेटायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, पण या जाळीतून जाताना तो २६० अंशांच्या सुमारास जळतो. म्हणून आग मंद ठेवली तरी धूर वाया जात नाही आणि रात्री भरलेला स्टोव्ह सकाळी उठेपर्यंत गरम राहतो. वाचून मी खूश झाले.

पहिल्याच रात्री घरभर धूर. एक चूक माझी होती. जाळी तापेपर्यंत धुराची बाजूची वाट उघडी ठेवायची असते, मी ती घाईने बंद केली. पण जाळी काढून पाहिली तर निम्मी भोकं राखेने बुजलेली. आधी कुणीतरी त्यात रंगवलेली फळकुटं किंवा प्लायवूड जाळलं असणार. अशा जळणाने जाळी निकामी होते.

मऊ ब्रशने झाडली, मग पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेऊन पातेल्यात अर्धा तास उकळली. वासाने सासूबाई आल्या.

"अगं, काय शिजवतेस?"

"जाळी."

"शिजली की सांग, कुकर लावायचाय."

जाळी बाहेर काढताना तिचा एक कोपरा हातातच आला. नवीन मागवायची तर कुरिअर आणि कस्टम धरून आकडा ऐकवेना. बरं, नीट वापरली तरी काही वर्षांनी ती बदलावी लागतेच.

साताऱ्यात गुऱ्हाळाच्या भट्ट्या आणि बंब बनवणारा एक फॅब्रिकेटर आहे. त्याला तुकडा दाखवला.

"वहिनी, यात काय सोनं भरलंय?"

"सोनं नाही, प्लॅटिनम."

त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी परत दिला.

मग बिनजाळीचा स्टोव्ह करायचं ठरलं. त्यात धूर निव्वळ उष्णतेने जाळतात. आत भट्टीच्या विटा, वर आडवा पडदा, आणि पडद्याखाली भोकं पाडलेल्या स्टीलच्या नळ्या. नळ्यांतून तापलेली हवा सुटते आणि धूर गॅसच्या बर्नरसारख्या ज्योतींनी पेटतो. यात आग दणदणीत लागते, फार मंद केली की धूर सुटतो. रात्रभर टिकण्यात जाळीचा स्टोव्ह सरस, यात वाद नाही. पण अमेरिकेत २०२० पासून दोन्ही प्रकारांना धुराची मर्यादा एकच आहे, चाचणीत तासाला साधारण दोन ग्रॅम. म्हणजे नीट बनवलेला बिनजाळीचा काही मागास नव्हे. आमचा अर्थात कुठल्या प्रयोगशाळेत गेलेला नाही.

खरा घोळ लाकडाचा निघाला. वाईहून बाभूळ आणली, वखारवाला म्हणाला, "खडखडीत वाळलीय." ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया वरून टोचल्या तर १७ टक्के. ओंडका फोडून आत टोचल्या तर ३१. ओलावा २० च्या खाली असायला हवा. ओल्या लाकडाची आग आधी पाणी उकळण्यात खर्च होते, आणि धुरांड्यात डांबरासारखा थर साचतो, तो कधी पेटेल सांगता येत नाही. आमच्याकडे तर जुलैत हवाच इतकी ओली की पत्र्याखाली रचलेलं वाळकं लाकूडही ओल धरतं. म्हणून आता दिवाळीनंतर लाकूड फोडून ठेवते, पुढच्या वर्षासाठी. सिल्व्हर ओक लवकर वाळतो, पण भसाभस जळतो. पेटवायला तो, टिकवायला बाभूळ.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र पहिल्या दिवसापासून लावलाय. दारं-खिडक्या बंद करून झोपणाऱ्या घरात त्यावर काटकसर नको.

रात्री दहाला भरलेला स्टोव्ह पहाटे पाचच्या सुमारास थंडावतो. सासूबाई तेव्हा उठतातच, एक लाकूड सारतात आणि पूजेला बसतात. जाळीचा उरलेला तुकडा त्यांनी देवघरात नेलाय. भोकं उदबत्तीला अगदी मापात बसतात.